दहा दिवसांच्या दिव्याचं काजळ

आमचं मूळ गाव पाथर्डीच्या पूर्वेला. तिथं आमची जमीन होती, म्हणजे दगड होते आणि दगडांच्या मधून थोडी माती होती. बाजरी आली तर आली, नाहीतर नाही. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं. बैलगाडीला अंथरूण, भांडी, कोंबड्या बांधून माणसं ऊस तोडायला निघायची. बाकीच्यांच्या घरी राखणीला म्हातारी माणसं राहायची. आमच्या घरात म्हातारंही कुणी उरलं नव्हतं, म्हणून आई दारात बाभळीचं काटवण ओढायची आणि वळून न बघता गाडीत बसायची.

माझं लहानपण उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, गेलं. कोपीत एका बाजूनं वारा यायचा आणि दुसऱ्या बाजूनं बैलाचं तोंड. आई-वडील अंधारातच फडात जायचे. वडील कोयता चालवायचे, आई मोळ्या बांधायची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आईच्या हातांना उसाच्या पात्यानं इतक्या चिरा पडायच्या की भाकरी थापताना पीठ त्यात भरायचं आणि ती म्हणायची, "बरं हाय, मलम लावायची गरज न्हाई." माझी शाळा अर्धं वर्ष गावात असायची आणि अर्धं वर्ष कुठंच नसायची. पुढं एका मास्तरांनी राहुरीच्या वसतिगृहात मला घातलं, म्हणून मी वाचलो. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, जसं झालं तसं सांगतो.

एका हंगामात राहात्याकडच्या एका कारखान्यावर आमची टोळी होती. पाटाच्या चढावर भरली गाडी मागं सरली आणि चाक दादाच्या पायावरून गेलं. हाड जुळलं ते वाकडं जुळलं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढणं त्याला जमेना. टोळीतल्यांनी काही दिवस सांभाळून घेतलं, मग मुकादमानं त्याला गोड बोलून गावाकडं जायला सांगितलं. दादा गावाकडं गेला नाही. साखरेच्या गोदामाच्या फाटकापाशी जाऊन बसला. तिथं रिकाम्या गोण्यांवर कारखान्याचं नाव, साखरेचा नंबर आणि हंगाम छापणारा माणूस नुकताच काम सोडून गेला होता. गोदामाच्या बाबूनं विचारलं, "बसून काम करशील का?" दादा म्हणाला, "बसण्याशिवाय दुसरं जमतंच न्हाई, साहेब."

असे आम्ही कोयत्यातून सुटलो आणि शाईत आलो.

गोणी छापायची म्हणजे पत्र्याचा साचा गोणीवर ठेवायचा. साच्यात अक्षरं कोरलेली असतात. त्यावर काथ्याच्या आखूड ब्रशनं शाई थोपटायची. ब्रश फिरवायचा नाही, थोपटायचा. थप, थप, थप. साचा उचलला की गोणीवर अक्षर. ऐकायला सोपं आहे. पण गोणी म्हणजे कागद नव्हे. ताग आहे तो, प्रत्येक धागा पाणी पिणारा. शाई पातळ झाली तर साच्याखालून पळते आणि अक्षराला पाय फुटतात. घट्ट झाली तर साच्याची भोकं बुजतात आणि अक्षर अर्धवट उमटतं. मधली जी जागा आहे ती फार अरुंद, आणि ती जागा दिवसभर हलत असते. थंडीत सकाळी शाई आखडलेली असायची, म्हणून दादा डबा उन्हात ठेवायचा. दुपारी तीच शाई वाहू लागायची, मग डबा ओल्या वाळूत. तो म्हणायचा, "सकाळी ही म्हातारी असती, दुपारी पोरगी व्हती. दोघींशीबी जुळवून घ्यावं लागतं."

दादाची शाई काजळाची. आमच्या घरात दिवा लागला की त्यावर मातीची परळ, म्हणजे पसरट ताटली, पालथी पडलीच. साधी चिमणी असो की देवापुढचं निरंजन, धूर फुकट जाऊ द्यायचा नाही हा घरचा नियम. परळीला धरलेलं काजळ आई पिसानं झाडून घ्यायची. दादा ते उकळलेल्या जवसाच्या तेलात घोटायचा. काडी उचलून बघायचा. थेंबामागं शेपूट यायला पाहिजे आणि शेपूट आपण होऊन तुटायला पाहिजे, अशी त्याची परीक्षा होती.

आज माझ्या टेबलावर प्रिंटर आहे. नातवंडांच्या शाळेची कामं त्यावर निघतात. त्याच्या नळीतोंडाची भोकं केसाहून बारीक असतात आणि त्यातून शाईचे थेंब उडवले जातात. त्यालाही दोन तऱ्हेची शाई चालते. एकीत रंग पाण्यात विरघळलेला असतो, दुसरीत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. पातळ झाली की फुटते, घट्ट झाली की अडकते. दुकानदार मुलगा मला हे नवीन म्हणून समजावून सांगत होता. मी त्याला बोलू दिलं. पण तो बोलत असताना माझ्या कानात ब्रशाचा आवाज सुरू झाला होता, आणि तो आवाज सुरू झाला की मला एकच हंगाम आठवतो.

दुष्काळाचं ते साल. पाऊस आलाच नव्हता. मी नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय रसायनशास्त्र. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजचं दार कुणी बघितलेलं नव्हतं. मी ते बघितलं होतं आणि आतही गेलो होतो, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. दिवाळीच्या आधी दादा छातीत कफ भरून आजारी पडला. कारखान्याच्या दवाखान्यातून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरत होतं, तेवढ्यात गोदामामागच्या आमच्या पत्र्याच्या खोलीतच तो गेला. मी पोचलो तेव्हा त्याची नखं काळीच होती. ती शाई कधी निघायचीच नाही.

तो जिथं गेला तिथं रिवाजाप्रमाणं दिवा ठेवला. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही. आईनं वात लावली, तेल घातलं आणि सवयीनं त्यावर परळ पालथी घातली. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

दिवस घालायच्या आदल्या संध्याकाळी त्या जागेवर पीठ पसरलं. आमच्याकडं असं करतात. पीठ हातानं सपाट करायचं, त्यावर पाटी झाकायची आणि सकाळी उघडून बघायचं. पिठात काहीतरी उमटलेलं असतं. पाखराचा पाय, गाईचा खूर, कधी लहान मुलाचं पाऊल. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून कळतं, असं मानतात. दरवेळी काहीतरी उमटतंच, कारण मुंगी, झुरळ, पाल काहीतरी त्यावरनं जातंच. हे मी कॉलेजात शिकलो म्हणून सांगत नाही, लहानपणीही मला हे कळत होतं.

सकाळी आत्यानं पाटी उचलली. पीठ कोरं होतं. एक रेघ नाही, एक ठिपका नाही. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. आत्या वाकून म्हणाली, "हे बघा, हितं चिमणीचं हाय जरासं." तिथं काही नव्हतं. आईनं नीट बघितलं आणि म्हणाली, "काय न्हाई उमटलं. उगं बोलू नका." मग ती उठली, पाणी प्यायली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ते कुटंच गेलं न्हाईत."

त्या पिठाची मला आजही भीती वाटते. उमटलेल्या गोष्टीची भीती काही दिवसांनी विरते. कोऱ्या गोष्टीची विरत नाही.

हंगाम सुरू झाला. गोण्या छापायला माणूस पाहिजे होता. बाबूनं दुसरा शोधायच्या आत आई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "मी त्यांच्यासंगं इतकी वर्सं केलंय. मला द्या." बाबू मूळचा शहरातला, कामाला कडक पण मनानं वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, संक्रांतीपर्यंत बघू. माल परत आला तर मी काही करू शकणार नाही. खोलीसुद्धा त्या कामाचीच आहे, हे लक्षात ठेवा." खोली गेली तर आईला एकटीनं पुन्हा फडात जावं लागणार आणि मला कॉलेज सोडून तिच्याबरोबर कोयता धरावा लागणार, हे न सांगता दोघांनाही कळत होतं.

पहिली अडचण तेलाची आली. दुष्काळात जवस पिकलाच नाही. खायच्या तेलाची मारामार, तिथं शाईला तेल कुठून येणार? मग कचेरीतून जांभळ्या रंगाची भुकटी मिळाली. पाण्यात टाकली की झटकन विरघळायची. चिमूटभर भुकटीत घागर रंगायची. आईनं ती वापरली. साचा उचलला की अक्षर दिसायचं आणि बघता बघता सुजायचं. नंबरातल्या तिनाचा आठ व्हायचा. शिवाय रंग धाग्याधाग्यानं आत उतरायचा. गोण्यांत गरम साखर भरली की आतला ओलावा बाहेर यायचा आणि रंग पुन्हा चालू लागायचा.

पहिला माल परत आला. व्यापाऱ्यानं निरोप पाठवला होता की साखर चहात टाकली तर चहा जांभळा होतो आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं. बाबूनं आईपुढं मूठभर साखर धरली. तिच्यात जांभळे खडे होते. आई गोणी उलटी करून बघू लागली. आतल्या बाजूला नंबराच्या जागी रंग पसरून मोठा डाग झाला होता, आणि त्या डागाला पाच बोटं होती.

"हा त्यांचा पंजा हाय," ती म्हणाली.

बाबू म्हणाला, "बाई, तो डाग आहे."

"व्हय. त्यांच्या पंजाचा."

हे सगळं मला नंतर चाचानं सांगितलं. चाचा म्हणजे भरलेल्या गोण्यांची तोंडं शिवणारा म्हातारा. दादाचा शेजारी आणि एकुलता एक दोस्त. तोंडात नेहमी सुतळीचं टोक धरलेलं, त्यामुळं त्याचं बोलणं अर्धं गाळलेलं यायचं. रविवारी मी एस.टी.नं घरी आलो तेव्हा फाटकातच त्यानं मला गाठलं. "बेटा, भाबी काल से कामावर न्हाई बसली. बाबू उद्या दुसरा आदमी आणनार. तू जाऊन बघ. घमेल्यात काय केलंय ते बघ पैले."

भर दुपारची वेळ होती. आई उंबऱ्यावर बसली होती. तिच्यापुढं घमेलं, घमेल्यात जांभळं पाणी आणि पाण्यावर काळी साय. मी बोट लावलं. साय बाजूला सरकली, पण बुडली नाही. बोट कोरडं वर आलं.

"हे काय टाकलंस?"

"काजळ. जांभळ्यात जरा काळं टाकलं तर आंग धरंल म्हनून टाकलं." ती थांबली. "परळीवरचं व्हतं. टाकल्यावर माझ्या ध्यानात आलं कुठल्या परळीवरचं त्ये."

दहा दिवसांच्या दिव्याचं.

"सकाळधरनं हालवतीया. खाली जाईना. वर येतंय आन् माझ्याकडं बघतंय. जायचंच न्हाई त्यांना. मी छापनार न्हाई आता. त्यांच्या मनाविरुद्ध मी त्यांना गोनीवर मारू व्हय?"

मी तोंड उघडलं होतं. काजळ तेलकट असतं, पाणी त्याला भिजवत नाही, म्हणून ते तरंगतं. एवढंच सांगायचं होतं. वर्गात मी ते उभं राहून न अडखळता सांगितलं असतं. तेवढ्यात गोदामाच्या मागच्या पडवीतून आवाज आला. थप, थप, थप. ब्रशाचा. सावकाश, दादाच्या चालीनं, तीन थापा आणि मग साचा उचलायला लागतो तेवढा थांबा. आई माझ्यापुढं बसलेली होती. तिचे दोन्ही हात गुडघ्यावर होते. ब्रश कोनाड्यात होता, मला इथून दिसत होता.

मी पडवीत गेलो. तिथं रिकाम्या गोण्यांची थप्पी होती आणि ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

मागं चाचा येऊन उभा राहिला. त्यानं तोंडातली सुतळी काढली. "ऐकलं? मी रोज ऐकतो. पैले भिलो. मग बोललो, आयला, जिंदा होता तेव्हा पन हा माझ्या झोपेच्या टायमालाच थोपटायचा. आता सलाम करतो आन् झोपतो."

तो हसला, मी हसू शकलो नाही. तो आवाज कशाचा होता हे मी पुढं अनेक तऱ्हांनी शोधलं. पत्रा उन्हानं तापून वाजतो, पारवे पंख झटकतात, गिरणीचा पट्टा लांबून ऐकू येतो. सगळी कारणं तपासली. एकही पुरतं बसलं नाही.

पण घाबरून बसायला मला सवड नव्हती. मी बाबूकडं गेलो आणि म्हणालो, "पुढच्या रविवारपर्यंत दुसरा माणूस आणू नका. शाई मी करून देतो."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू काय शाईचा कारखाना काढणार?"

"मी बी.एस्सी. करतोय, साहेब."

"अजून झाला नाहीस ना?"

"होईन. पण तुमच्या गोण्या त्याआधी व्हायला पाहिजेत." त्यानं रविवारपर्यंतची मुदत दिली.

दादाची शेवटची शाई एका डब्यात उरलेली होती. वर साल धरली होती. मी आईकडं तिच्यातली थोडी मागितली. तिनं डबा छातीशी घेतला, मग खाली ठेवला, स्वतःच्या हातानं साल फोडली. खालची शाई ओली होती, काल घोटल्यासारखी. "लई नको घिऊ," ती म्हणाली. मी एका बाटलीत थोडी घेतली आणि नगरला गेलो. एस.टी.त बाटली मांडीवर धरली होती. शेजारच्या माणसानं विचारलं, "काकवी का?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

आमच्या प्रयोगशाळेत द्रवाचा घट्टपणा मोजायची काचेची बारीक नळी होती. सरांनी बाटली हलवून बघितली आणि नळी हातातून काढून घेतली. "हे त्यात घालशील तर नळी जन्माची बुजेल. भोकाचं भांडं कर." ती एक ओळ पुरेशी होती. मी बुटाच्या पॉलिशची छोटी डबी घेतली, बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, डबी काठोकाठ भरली आणि रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते बघू लागलो. जांभळं पाणी लगेच पळून गेलं. डिंकाचं पाणी घालून ते घट्ट केलं तर हळू वाहू लागलं, पण हळूहळू का होईना, वाहायचं थांबेना.

दादाची शाई वेगळी वागली. डबीत भरून ठेवली तर आधी उतरलीच नाही. मला वाटलं भोक बुजलं. मग काडीनं थोपटली, ब्रशानं थोपटावी तशी, आणि ती खाली धावली. पुन्हा स्थिर ठेवली, पुन्हा थांबली. मी हे किती वेळ करत होतो मला माहीत नाही. शिपाई आला आणि म्हणाला, "कुलूप लावायचंय."

त्या दिवशी जे कळलं ते असं. घट्टपणा ही एक गोष्ट नसते. थोपटताना शाई पातळ व्हायला पाहिजे म्हणजे भोकातून जाईल, आणि हात काढला की जागच्या जागी आखडली पाहिजे म्हणजे पळणार नाही. हे काम काजळाचे कण करतात. एकमेकांना धरून बसतात, धक्का दिला की सोडतात. आणि कण जिथं ठेवले तिथंच राहतात, कारण ते धाग्याच्या आत मावत नाहीत. विरघळलेला रंग मात्र पाण्याचा गुलाम. पाणी जिकडं जाईल तिकडं तो जाणार. डिंकानं त्याला नुसता उशीर होतो.

म्हणजे काजळच पाहिजे होतं. तेल नव्हतं, तर पाणी आणि चिकटवायला काहीतरी. इथं मी एक शहाणपणा केला. कारखान्यावर मळी फुकट मिळायची, काळीभोर, तारेला तार लागणारी. घट्टपणा हवा ना, मग मळी घाल. शनिवारी मी घरी आलो, साधं काजळ मळीत घोटलं आणि नमुन्याच्या गोण्या छापल्या. अक्षरं अशी आली की बाबूनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितली. सकाळी गोदाम उघडलं तर प्रत्येक अक्षरावर मुंग्या. अक्षर काळंच दिसत होतं, पण हलत होतं. आणि थप्पीतल्या गोण्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की हमालांनी ओढल्या तर धागेच आले.

चाचा म्हणाला, "बेटा, आता मुंग्यांनाच पगार दे. त्याच छापतील."

हमाल हसले, बाबू हसला नाही. "आज रविवार आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळी नव्या माणसाला बोलावलंय."

मी खोलीत आलो. आई घमेल्यापाशीच होती. आठवडाभर तिनं ते पाणी फेकलं नव्हतं. साय तशीच वर होती. साधं काजळ मळीत संपलं होतं. घरात दुसरं नव्हतं. नवं धरायला रॉकेलही नव्हतं. जे होतं ते एवढंच, आणि ते कुणाचं होतं हे आम्हा दोघांना माहीत होतं.

मी तिला सांगितलं. जसं कॉलेजात सांगितलं असतं तसंच सांगितलं, कारण मला दुसरी भाषा येत नव्हती. काजळ तेलकट आहे म्हणून पाण्याला घेत नाही. आधी डिंकाच्या घट्ट पाण्यात चोळावं लागतं, पाट्यावर, जोर लावून, कणाकणाला डिंकाचं कातडं चढेपर्यंत. मग ते पाण्यात बसेल.

"आन् मग खाली जाईल?"

"खाली नाही. सगळ्या पाण्यात पसरेल. वर साय राहणार नाही."

बाहेर थप, थप चालू झालं. आम्ही दोघांनीही मान वळवली नाही.

"तू म्हंतोस तेल हाय म्हनून जाईना," ती म्हणाली. "मी म्हंते त्यांना कुनी हात लावून निरोप दिला न्हाई म्हनून जाईना. तू परक्या मानसासारखा उशिरानं आलास, आन् मी नुसती रडत व्हते. दोनी खरं आसंल."

तिनं पाटा धुतला. फडक्यानं पाण्यावरचं काजळ अलगद टिपून घेतलं, डिंकाचं घट्ट पाणी ओतलं आणि वरवंटा धरला. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाली, "तुझं सांगून झालं. आता सरक." ती चोळत राहिली. तोंडानं काहीतरी बोलत होती. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही, पण दोन-तीन शब्द कानावर आलेच. कुणाच्या तरी वाकड्या पायाला ती नीट चालायला सांगत होती. ऊन कलायला आलं तेव्हा पाट्यावर लोण्यासारखा काळा गोळा झाला होता. तिनं त्यात चमच्या चमच्यानं पाणी घातलं. साय आली नाही. शाई एकजीव झाली, दाट, चमक नसलेली.

मी डबी काढली. भोकातून ती आधी उतरली नाही. थोपटल्यावर उतरली. थांबवल्यावर थांबली. आईला मी घड्याळ दाखवणार होतो. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, बाजूला ठेवलं, मला डबी भरून थोपटत राहायला सांगितलं आणि पान लावायला बसली. चुना, कात, तंबाखूची चिमूट. पान तोंडात गेलं तेव्हा डबी नुकती रिकामी झाली होती. तिच्यासाठी पुढं तेच माप राहिलं. पान व्हायच्या आत डबी रिकामी झाली की आणखी काजळ घोटायचं. पान झालं तरी डबीत शाई उरली की चमचाभर पाणी.

सोमवारी सकाळी नवा माणूस फाटकात उभा होता. आई त्याच्या आधी पडवीत बसली होती आणि पुढ्यात छापलेल्या गोण्या वाळत होत्या. बाबूनं एक गोणी उलटी करून आतून बघितली. आतून ताग तागासारखाच होता. त्यानं ओल्या फडक्यानं अक्षर चोळलं. कड जराशी काळवंडली, पण आत काही गेलं नाही. एक गोणी गरम साखरेनं भरून त्यानं दुपारपर्यंत बाजूला ठेवली. नवा माणूस तोवर चाचाजवळ बसून चहा प्यायला. दुपारी गोणी उघडली. साखर पांढरी होती.

बाबू त्या माणसाला म्हणाला, "तुम्ही जा." जाता जाता मला म्हणाला, "मळीचं कुणाला सांगू नकोस."

दिव्याचं ते काजळ थोडंसंच होतं. थोड्या दिवसांत संपलं. ते कुठल्या गोण्यांवर गेलं आणि त्या गोण्या कुठल्या गावाला उतरल्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. माणसांनी त्यातली साखर चहात टाकली असेल, सणाला पुरणात घातली असेल, रिकाम्या गोण्या अंथरल्या असतील. पुढं कित्येक वर्षं एखाद्या स्टेशनात, एखाद्या किराणा दुकानाच्या दारात गोणपाट दिसलं की मी वाकून अक्षर बघायचो. कधीकधी अजूनही बघतो. पायपुसणं म्हणून टाकलेल्या गोणपाटावर मी पाय ठेवू शकत नाही.

तो आवाज बंद झाला असं मी सांगणार नाही. आईनं पडवीत काम सुरू केल्यावर दोन थापांमधली कुठली कुणाची हे ओळखू येईना, एवढंच. तिला मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "काम दोघांनी केलं की लौकर व्हतं."

त्या हंगामात नंतर एकही गोणी शाईपायी परत आली नाही. छापण्याचं काम आणि खोली, दोन्ही आईच्या नावावर कायम झाली. उन्हाळ्यात निकाल लागला. मी बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यातला पहिला.